थारसाठी २४५/७५ आर१६ : साधा टायर, लोड रेंज सी की ई?

डोंगरगाडी
गाडी : थार, २०२० नंतरचं मॉडेल, डिझेल, फोर बाय फोर, हार्डटॉप. १६ इंची लोखंडी डिस्क (म्हणजे चाकाची रिम), कंपनीचं माप २४५/७५ आर१६. माप बदलायचं नाही, म्हणजे स्पीडोमीटर, फेंडर घासणं, इन्शुरन्स हे प्रश्न येत नाहीत. प्रश्न फक्त लोड रेंजचा आहे, म्हणजे टायरचा सांगाडा किती हवा झेलतो त्या वर्गाचा (सी, डी, ई : अक्षर पुढचं तेवढी हवा जास्त).

वापर : सोमवार ते शुक्रवार पुणे शहर, महिन्यातून दोनदा सह्याद्रीतले कच्चे रस्ते (जुन्नर, भंडारदरा, वेल्हे बाजू), वर्षातून एकदा लांबचा दौरा, यंदा लडाख. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी), वर कॅरियर.

याच मापात तीन पर्याय समोर आहेत :
१) साधा एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा दोन्हींसाठी), स्टँडर्ड लोड, लोड इंडेक्स (वजनक्षमतेचा सांकेतिक आकडा) १११
२) एलटी (लाइट ट्रक, हलक्या मालगाडीच्या मानकाचा), लोड रेंज सी, १०८/१०४ (दुसरा आकडा जोडचाकांसाठी)
३) एलटी, लोड रेंज ई, १२०/११६

टायरवाला म्हणतो ई घ्या, दहा प्लाय (थर) आहे, दगडाला ऐकत नाही. मला आधी हे कळत नाही की सी हा 'मजबूत' टायर असेल तर त्याचा इंडेक्स साध्या टायरपेक्षा कमी कसा? १०८ म्हणजे १००० किलो, १११ म्हणजे १०९० किलो.

दहा_प्लाय
ई घ्या, विषय संपला. सह्याद्रीतला कातळ बघितलाय ना? जास्त प्लाय म्हणजे जास्त रबर. उद्या वजन वाढलं तरी चिंता नाही.

वजनकाटा
विषय इथूनच सुरू होतो, संपत नाही. :)

आधी मूळ शंका. लोड इंडेक्स हा 'किती किलो' एवढंच सांगतो, 'किती हवेवर' हे सांगत नाही. साध्या टायरचे १०९० किलो ३६ पीएसआयला मोजलेले आहेत. सी चे १००० किलो ५० पीएसआयला. ई चे कमाल किलो ८० पीएसआयला. तीन वेगळ्या हवांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली की डोकं फिरणारच.

एलटीच्या मानकात त्याच मापाला, तेवढ्याच हवेवर, मुद्दाम कमी वजन धरतात. हे टायर जाड असतात, नक्षी खोल असते, वाकताना गरम जास्त होतात. म्हणून त्यांनी कमी दबावं, कमी वाकावं अशा बेताने आकडे बसवलेत. त्यामुळे साधा काढून एलटी घातला की हवा वाढवावीच लागते. दाराच्या खांबावरच्या जुन्या स्टिकरवरच्या हवेवर एलटी चालवणं ही या बाबतीतली सगळ्यात नेहमीची चूक.

एलटी २४५/७५ आर१६ चा तक्ता (एका टायरवर, किलो जवळच्या पाचात आणलेत) :

३५ पीएसआय : ७७०
४० : ८४५
४५ : ९२०
५० : १००० (सी ची हद्द)
६५ : ११९० (डी ची हद्द)
८० : १३८० (ई ची हद्द)

सी, डी, ई तिघांना तक्ता हा एकच. ४० पीएसआयला सी ८४५ किलो उचलतो आणि ई सुद्धा ८४५ च उचलतो. ई चा जादा दम ५० च्या वर हवा भराल तेव्हाच सुरू होतो. थारमध्ये ५० च्या वर कधी भरणार आहात? मग ज्याचे पैसे दिले ते वापरलंच नाही असं होतं.

(१२० इंडेक्स म्हणजे १४०० किलो, पण या मापाच्या ई टायरच्या कडेवर बहुधा ३०४२ पाउंड छापलेलं दिसेल, म्हणजे १३८०. दोन्हींत फरक दिसला तर कडेवर छापलेला आकडा धरायचा.)

रबरमणी
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, आणि 'दहा प्लाय' बद्दल दोन शब्द.

दहा प्लाय टायरमध्ये दहा थर नसतात. पूर्वी सुती दोऱ्याचे थर असायचे तेव्हाची ही मोजणी. आज एवढाच अर्थ, की जुन्या दहा सुती थरांइतकी हवा हा सांगाडा झेलतो. सी म्हणजे ६ पीआर (प्लाय रेटिंग), डी ८, ई १०. प्रत्यक्षात काय आहे ते टायरच्या कडेवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुकानात मोबाइलचा टॉर्च मारून दोन ओळी वाचा : ट्रेडमध्ये (जमिनीला टेकणारा भाग) किती पॉलिएस्टर, किती स्टील, किती नायलॉन, आणि साइडवॉलमध्ये (टायरची कड) किती पॉलिएस्टर.

बऱ्याच ई टायरच्या साइडवॉलमध्ये दोनच थर असतात, फक्त दोरा जाड. उलट काही सी टायर तीन थरांच्या कडेचे मिळतात. धारदार दगडाची चिंता असेल तर वाचायची ओळ ही आहे, ई हे अक्षर नव्हे.

अजून एक घोळ. मापाच्या शेवटी सी असेल, उदा. १९५ आर१५सी, तर तो सी 'कमर्शियल'चा, लोड रेंजचा नाही. अशा टायरवर पुढे ८ पीआर असं वेगळं लिहिलेलं असतं. दुकानात 'सी द्या' एवढंच म्हणालात तर टेम्पोचा टायर समोर येऊ शकतो.

दहा_प्लाय
ठीक, थर दहा नसतात. पण जाड दोरा म्हणजे ताकदच ना? टायर कापला जायला वेळ लागेल.

कातळवाट
ट्रेडमध्ये खिळा-दगड घुसण्यापासून वाचायला हो, थोडा फायदा आहे. पण डोंगरात टायर जातो तो बहुतेक वेळा कडेने, आणि दोन प्रकारे जातो.

पहिला प्रकार, चिमटा. चाक दगडावर आदळतं, टायर दगड आणि डिस्कची कड यांच्या मध्ये चेपतो, आतले दोरे तुटतात. बाहेरून चीर दिसतही नाही. दोन दिवसांनी कडेला लिंबाएवढा फुगा येतो. कारण हवेच्या मानाने वेग जास्त. २० पीएसआयवर ४० च्या स्पीडने खड्डा घेतला तर ई पण चेपतो.

दुसरा, चीर. दगडाच्या धारेवर कड घासत जाते. इथे हवा फार असणं घातक, कारण ताणलेला टायर फुग्यासारखा कापला जातो. हवा थोडी कमी असेल तर कड दगडावरून वळून जाते. ई मुळातच कडक. त्यात तुम्ही त्याला ४५ वर ठेवलात तर धारेवर वळण्याऐवजी तो तिथेच अडतो.

सह्याद्रीतला काळा दगड फुटला की धार येते, विशेषतः नव्याने खडी टाकलेल्या आणि अजून रोलर न फिरलेल्या रस्त्यावर. कोकणातल्या सड्यावर जांभा असतो, तो घासतो पण कापत नाही. त्यामुळे 'सह्याद्री म्हणजे ई' असं सरसकट म्हणता येत नाही.

हवा कमी करायचे माझे आकडे, थारच्या वजनाला, २४५/७५ आर१६ साठी :

कच्चा खडीचा रस्ता : साधा २४, सी २६, ई २६
दगडधोंडे, लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचा सावकाश, जोराचा गिअर) : साधा २०, सी १८, ई १६
वाळू : साधा १६, सी १५, ई १४

ई तेवढाच पसरावा म्हणून त्याला जास्त खाली आणावं लागतं, आणि अडचण तिथेच आहे. १२-१३ च्या खाली गेलात की बीडलॉक (टायरची कड डिस्कला आवळून धरणारी कडी) नसलेल्या डिस्कवरून आडव्या उतारावर टायर निघतो. म्हणजे ई मध्ये तुमच्या हातात खेळायला जागा कमी उरते. गाडी हलकी, टायर कडक, हवा काढली तरी पसरत नाही, पकड मिळत नाही.

वेगाचं पण बघा. १५-१६ वर असाल तर २० च्या आसपास, २० वर असाल तर फार तर ४०. डांबर लागलं की आधी हवा भरायची, मग चहा.

डोंगरगाडी
भरपूर उलगडा झाला. म्हणजे आधी वजन कळायला हवं. गाडीचं कोरं वजन १७५० च्या आसपास धरलं आणि त्यात सामान मिळवलं तर चालेल?

वजनकाटा
नाही. बेरीज करून जे येतं ते एकूण वजन. आपल्याला हवंय मागच्या आणि पुढच्या धुऱ्यावर वेगवेगळं किती पडतं ते. विंच-बंपरचं वजन पुढच्या धुऱ्याच्याही पुढे लटकतं, त्यामुळे पुढचा धुरा विंच-बंपरच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भरतो आणि मागचा थोडा हलका होतो. मागे डिक्कीच्या दाराला टांगलेल्या स्टेपनीचं याच्या उलट.

हायवेवर वाळू-उसाच्या ट्रकांसाठी वजनकाटे असतात, तिथे जा. दौऱ्याला निघताना असेल तशी गाडी : टाकी फुल, पाणी भरलेलं, माणसं जागेवर बसलेली.

१) फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर. आकडा लिहा.
२) पूर्ण गाडी काट्यावर.
३) पुढची चाकं उतरवून फक्त मागची.

इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि आकडा स्थिर झाल्यावर वाचायचा. पहिला अधिक तिसरा यांची बेरीज दुसऱ्याच्या २० किलोच्या आत आली पाहिजे. नसेल तर काट्याची फळी आणि बाहेरची जमीन एका पातळीत नाही, दुसरा काटा शोधा. काटेवाला घाईत असतो, एकच पावती देऊन मोकळा होतो. तीन वेळा करायचंय हे आधीच सांगून ठेवा.

डोंगरगाडी
केलं. दोन माणसं, टाकी फुल, लडाखसाठी ठरवलेलं सगळं सामान. पुढे १०१०, मागे ११९०, पूर्ण २२००.

वजनकाटा
झकास, बेरीज जुळतेय. २२०० चा आकडा दाराजवळच्या प्लेटवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा. टायर कितीही उचलत असला तरी गाडीची ती हद्द हलत नाही.

आता हिशोब. मागे एका चाकावर ५९५. डावं-उजवं सारखं नसतं (डिझेलची टाकी, फ्रिज, पाण्याचे कॅन), म्हणून १० टक्के वाढवा : ६५५. त्यावर खड्डे, वेग, उन्हाळा यांसाठी २० टक्के राखीव : ७८५. म्हणजे सगळं धरून एका टायरला साधारण ८०० किलो झेपले की भागलं.

साधा १११ : १०९०. भागलं.
सी ४० पीएसआयला : ८४५. भागलं.
ई ४० पीएसआयला : ८४५. तेवढंच.

वजनासाठी ई ची गरज शून्य आहे.

रबरमणी
इथे मी थोडा वेगळा सूर लावतो. काट्यावरचं वजन हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा, की गाडी बनवणाऱ्याने जेवढी राखीव क्षमता दिली होती तेवढी तरी नव्या टायरने द्यावी. अमेरिकेत एसयूव्ही-पिकअपला साधा कारचा टायर बसवला तर त्याची क्षमता १.१० ने भागून धरतात, तेच सूत्र इथे वापरू.

समजा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३० पीएसआय आहे (तुमच्या स्टिकरवर काय आहे ते बघा, मी उदाहरण म्हणून घेतोय). साधा १११ टायर ३६ ला १०९०, तर ३० ला साधारण ९४० देतो. भागिले १.१०, म्हणजे ८५५. तक्त्यात ८५५ कुठे येतात? ४० च्या किंचित वर. म्हणजे ३० वर चालणारा साधा टायर काढून एलटी घातलात तर ४१ च्या आसपास हवा पाहिजे.

टायरवाला ई बसवून '३५ मारली साहेब, मऊ चालेल' म्हणतो, तेव्हा कंपनीने दिलेली राखीव क्षमता कमी झालेली असते. लगेच काही होत नाही. भर उन्हात, पूर्ण सामानासह, सलग तीन तास ११० च्या वेगाने गेलात की मग होतं.

वजनकाटा
मान्य, लांबच्या पल्ल्याला ४० च धरा. शहरात रिकामी गाडी, एक-दोन माणसं, ६० चा वेग, तिथे काट्याच्या हिशोबाने ३६ पुरतात. ३५ च्या खाली मात्र तक्ताच नाही, त्यामुळे डांबरावर एलटी ३५ च्या खाली नको.

जिम्नीवाली
मधेच विचारते. माझ्याकडे जिम्नी आहे, १९५/८० आर१५. सगळे २१५/७५ आर१५ घालतात. त्यात एलटी सी घेतला तर बरा का?

वजनकाटा
ताई, तुमचं उत्तर तर आणखी सोपं आहे. जिम्नीचं पूर्ण लादलेलं कमाल वजन १५४५ किलो. एका चाकावर सरासरी ३८६, असमान धरून ४३०. २१५/७५ आर१५ साधा, इंडेक्स १०० : ८०० किलो. तोच एलटी सी, इंडेक्स १०० : तेच ८००, पण ५० पीएसआयला. वजन उचलण्यात एका किलोचाही फायदा नाही, उलट चाक जड आणि गाडी दगडासारखी उसळणार. साधा एटी घ्या.

उंची ६९३ मिमीची ७०३ होते, दीड टक्का. स्पीडोमीटर तेवढाच मागे राहील.

पिकअप_नाशिक
मग ई कोणाला लागतो? माझ्या डबल कॅबच्या हौद्यात छप्पर, दोन ड्रॉवर, ६० लिटर पाणी. मागचा धुरा भरून १६४० येतो.

रबरमणी
तुम्हाला लागतो! १६४० चे एका चाकावर ८२०, असमान धरून ९००, राखीव धरून १०८०. साध्या १११ मध्ये हे जेमतेम बसतं. १.१० ने भागलं तर बसतच नाही. सी ची हद्द १०००, तीही अपुरी. डी मिळाला तर ५५-६० हवेवर बरोबर बसतो, पण आपल्याकडे या मापात डी शोधत बसाल. म्हणून ई, मागे ५५ ते ६०, आणि पुढच्या धुऱ्याचं वजन वेगळं बघून पुढे बहुधा ४० च्या आसपास. चारही चाकांना सरसकट ६० मारू नका. पुढचे टायर मधोमध झिजतील आणि पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ पुढे घसरेल.

६० मारण्याआधी दोन गोष्टी बघायच्या, ज्या कुणीच बघत नाही :

डिस्क. मागच्या बाजूला कमाल भार कोरलेला असतो. बाजारातल्या काही अलॉयवर तो ८००-९०० किलोच असतो. टायर १३८० चा आणि डिस्क ८५० ची, तर हद्द ८५० च.

व्हॉल्व्ह. कारला असतो तो दाबून बसवायचा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच असतो. ५५-६० थंड भरली की उन्हात चालून ती ६५ च्या पुढे जाते. लोखंडी नटाचा व्हॉल्व्ह किंवा जास्त दाबाचा रबरी व्हॉल्व्ह मागा. टायर बदलतानाच बदलला तर खर्च किरकोळ.

हिमवाट
लडाखचा विषय निघालाय म्हणून. दरवर्षी एक घोटाळा बघायला मिळतो : वर गेल्यावर गेजवर हवा वाढलेली दिसते म्हणून लोक ती सोडतात, आणि खाली आल्यावर भरत नाहीत.

आकडे बघा. पुण्यात ३२ अंशाला ३५ पीएसआय भरली. पुण्यात बाहेरचा दाब १३.७ च्या आसपास, म्हणजे टायरच्या आत एकूण ४८.७. खारदुंग ला, ५३५९ मीटर, तिथे बाहेरचा दाब साडेसातच्या आसपास. तापमान शून्य धरा. थंडीने आतला दाब ४३.६ वर येतो. त्यातून ७.५ वजा : गेजवर ३६. उंचीने जेवढी वाढते तेवढी थंडी जवळजवळ खाऊन टाकते. सोडायची गरजच नाही.

आता 'खडबडीत आहे' म्हणून तिथे ३० वर आणली आणि तशीच चंदीगडला ४० अंशात उतरलात. गेज २९ दाखवेल. पूर्ण भरलेली गाडी, एलटी टायर, २९ पीएसआय, सपाट हायवे. तक्त्याच्या कितीतरी खाली.

उतरताना मनालीत एकदा आणि मैदानात आल्यावर सकाळी थंड टायरवर एकदा, अशी दोनदा हवा बघा.

कातळवाट
यालाच जोडून, हवा बरोबर आहे का ते हायवेवर ओळखायची सोपी रीत. सकाळी थंड टायरची हवा लिहून ठेवा. एकाच वेगाने तासभर चालवल्यावर लगेच पुन्हा मोजा. साध्या टायरला ४ पीएसआय वाढली पाहिजे, एलटीला ६. त्याहून जास्त वाढली तर टायर जास्त वाकतोय, म्हणजे थंड हवा कमी होती, २-३ ने वाढवा. कमी वाढली तर हवा जास्त होती. गरम टायरमधली हवा सोडायची नाही, हा नियम कधी मोडू नका.

समृद्धीवर हे नक्की करून बघा. ७०१ किलोमीटर सलग काँक्रीट, १२० ची मर्यादा, विदर्भाचं ऊन. टायर गरम होतो तो वेगामुळे आणि वाकण्यामुळे. कमी हवेचा ई इथे कमी हवेच्या साध्या टायरपेक्षा वाईट, कारण जाड रबरातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो.

दहा_प्लाय
बरं बाबांनो, ई चा आग्रह सोडला. :) पण मग साधा आणि सी यात सी कशाला? साधाच घ्यावा ना, वजन तर तोही उचलतो.

रबरमणी
हा खरा प्रश्न. सी चे फायदे वजनाचे नाहीत, रबराचे आहेत. साध्या एटीची नक्षी नवी असताना ९-१० मिमी खोल, एलटीची १२-१३. गोट्या (नक्षीचे ठोकळे) जाड, मुळाशी रबर जास्त, त्यामुळे खडीवर तुकडे पडणं कमी. कडेला तिसरा थर मिळायची शक्यता जास्त.

किंमत काय मोजायची? वजन. ब्रँडप्रमाणे बदलतं, पण या मापात साधा साधारण १६ किलो, ई २०-२१, सी या दोन्हींच्या मध्ये. हे वजन फिरणाऱ्या चाकावर असतं, त्यामुळे पिकअप, मायलेज आणि ब्रेक तिन्हींत जाणवतं. शहरात स्पीडब्रेकरवर पाठीला कळतं. शिवाय खोल नक्षी डांबरावर वळणात हलते, नव्या टायरवर पहिले काही शे किलोमीटर गाडी पोहते असं वाटेल. हवा वाढवू नका, ते नक्षीमुळे आहे.

माझं मत : महिन्यातून एकदा कच्चा रस्ता आणि बाकी डांबर, तर साधा एटी, स्टँडर्ड लोड. महिन्यातून दोनदा दगड आणि वर्षाकाठी एक लांब दौरा, तर सी. हौद्यात कायम वजन असेल तरच ई. याच मापात साधा पण एक्सएल (एक्स्ट्रा लोड) मिळाला तर तो मधला मार्ग, फक्त त्याची जादा क्षमता ४२ पीएसआयला मोजलेली असते हे विसरू नका.

पिकअप_नाशिक
सी मिळतो कुठे पण? जून २०२० मध्ये टायरची आयात परवानगीवर आणल्यापासून एलटीचे निम्मे पर्याय गायब आहेत. दुकानदाराकडे असतो तो ई किंवा साधा.

रबरमणी
त्यात तथ्य आहे. म्हणून लोड रेंज आधी ठरवून टायर शोधू नका, आधी चार दुकानांत आपल्या मापात काय येतं ते विचारा, आणि पाच एकदम मिळतात का तेही. आणताना बघायचं : आयएसआयची खूण, आणि कडेवरचा चार आकडी तारखेचा शिक्का. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. पाचही टायर एकमेकांच्या दोन-तीन महिन्यांच्या आत असले तर उत्तम. आडगिऱ्हाइकी मापाचे एलटी गोदामात दोन-दोन वर्षं पडून असतात, आणि ते 'नवीन' म्हणूनच मिळतात.

जुन्या साध्या टायरची स्टेपनी ठेवून चार एलटी घालू नका. माप तेच असलं तरी खोल नक्षीमुळे नवा टायर पाच-सहा मिमी उंच भरतो, आणि फोर हाय (फोर बाय फोरचा वेगाचा गिअर) लावून कठीण जमिनीवर चालवलंत तर फरक गिअरबॉक्स सोसतो. पाच घ्या, दर ८-१० हजाराला पाचही फिरवा.

जिम्नीवाली
स्टेपनी दारावर असते, तिथे जड टायर चालतो?

कातळवाट
थार आणि जिम्नी दोन्हीला हाच त्रास. लोखंडी डिस्क अधिक ई टायर म्हणजे ३० किलोच्या वर वजन दाराच्या बिजागरीवर. खडबडीत रस्त्यावर दोन-तीन हजार किलोमीटर झाले की दार बंद करताना किंचित उचलावं लागतं, मग रबराच्या ठोकळ्याचा आवाज सुरू होतो. दाराच्या फटीत वर आणि खाली सारखं अंतर आहे का, ते टायर बदलायच्या दिवशीच मोजून ठेवा. बिजागरीचे आणि स्टेपनीच्या ब्रॅकेटचे बोल्ट दौऱ्याच्या आधी आवळायचे.

डोंगरगाडी
ठरवलं : लोड रेंज सी, पाच नग. दुकानात आहे त्याच्या कडेवर साइडवॉल तीन पॉलिएस्टर लिहिलंय, वाचून आलो. शहरात ३६, दौऱ्यावर चारही ४०, दगडात १८. शेवटची शंका : १८ वरून ४० पर्यंत चार चाकं भरायला छोटा कॉम्प्रेसर पुरेल?

वजनकाटा
या टायरच्या आत साधारण ६० लिटर जागा असते. २२ पीएसआय वाढवायची म्हणजे एका टायरला ९० लिटर मोकळी हवा, चारांना ३६०. खोक्यावर लिहिलेला लिटरचा आकडा शून्य दाबाचा असतो, ३०-३५ पीएसआयच्या विरुद्ध तो बराच खाली येतो. खऱ्या अर्थाने मिनिटाला ३० लिटर देणारा असेल तर १२ मिनिटं निव्वळ पंपाची, वर नळी बदलायचा वेळ. लायटरच्या सॉकेटमधला नको, फ्यूज उडतो. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या आणि भरताना इंजिन चालू ठेवा. डब्यावर 'ड्यूटी सायकल' लिहिलेली असते ती बघा. १५ मिनिटं चालू, १५ बंद असं असेल तर दोन टायर झाले की एकदा पंपाच्या डोक्याला हात लावून बघायचा.

रबरमणी
आणि बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनी चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, लोखंडी डिस्कवर नवा रंग असेल तर नक्कीच. बॅलन्सिंगला एका चाकाला ८०-९० ग्रॅमच्या वर शिसं लागत असेल, तर टायर डिस्कवर अर्धा फिरवून पुन्हा बघायला सांगा. ते कंटाळा करतात, समोर उभे राहा.